विश्लेषण : ‘हेरिटेज’ असूनही खोताच्या वाडीतील घरे का घटली?

गिरगावात जगन्नाथ शंकरशेठ मार्गावरून खोताच्या वाडीत शिरले की रस्त्याचा गोंगाट मागे पडतो. अरुंद गल्ली, दाराबाहेरचे लाकडी जिने, नक्षीदार कठडे, कौलारू छपरे. एके काळी येथे अशी साठहून अधिक घरे होती. आता ती तिशीच्या आत आली आहेत.

वाडी कोणाची?

नाव पाठारे प्रभू समाजातील दादोबा वामन खोत यांच्यावरून पडले. 18व्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या जमिनीवरील भूखंड ईस्ट इंडियन कुटुंबांनी घेतले आणि घरे बांधली. ईस्ट इंडियन म्हणजे मुंबई परिसरातले मूळचे, घरात मराठीची बोली बोलणारे ख्रिस्ती. हे नाव त्यांनी 1887 मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवात घेतले. गिरगावकरांना मात्र वाडी आठवते ती अनंताश्रमच्या माशांच्या जेवणामुळे. ती खाणावळ कधीच बंद झाली. वेफर्सचे दुकान आहे.

मग संरक्षण कुठे कमी पडते?

मुंबईची हेरिटेज नियमावली 1995 मध्ये आली. तिच्यात एकेकट्या इमारतींबरोबर अख्खे परिसरही घेतले गेले. खोताची वाडी ही त्यांपैकीच. अशा ठिकाणी पाडकाम वा नवे बांधकाम करायचे तर पालिका आयुक्तांची परवानगी लागते. आयुक्त मुंबई वारसा संवर्धन समितीचा सल्ला घेतात.

पण नियम परवानगीपाशी थांबतो, खर्च मालकाच्या माथी राहतो. सागवान, कौले, जुने काम जाणणारा सुतार, सगळेच महाग. नियमांमुळे बांधकामाचा हक्क बुडाला तर भरपाई म्हणून टीडीआर, म्हणजे तेवढे क्षेत्र दुसरीकडे वापरण्याचा वा विकण्याचा हक्क, मिळण्याची तरतूद आहे. छप्पर गळते म्हणून टीडीआर मिळत नाही. त्यात एकाच घराचे भाऊबंदांत अनेक वाटेकरी. एकाला घर राखायचे असते, दुसऱ्याला वाटा हवा असतो. त्या दुसऱ्याला दोष देणे बाहेरून येऊन फोटो काढणाऱ्यांना सोपे आहे.

शिवाय परिसर हेरिटेज ठरला तरी विक्री घराघराने होते. एका घराच्या जागी टॉवर आला की शेजारच्या ओसरीवरचे ऊन जाते आणि त्या घरालाही विचारणा होऊ लागते.

मेट्रो-3चे गिरगाव स्थानक ऑक्टोबर 2025 मध्ये सुरू झाले. वाडीपासून ते चालत जाण्याच्या अंतरावर आहे.