तरत्या यंत्राचे दावे

खुंट्याला बांधलेल्या गुराचे दावे किती लांब असावे हा प्रश्न शेतकऱ्याला फारसा छळत नाही. पण समुद्रावर तरंगत राहून लाटांपासून वीज निर्माण करणाऱ्या यंत्राच्या दाव्याने मात्र भल्याभल्या अभियंत्यांना बेजार केले आहे. जहाजाला वादळाची चाहूल लागताच बंदराचा आश्रय घेता येतो. हे यंत्र मात्र जेथे लाटा मोठ्या तेथेच मुद्दाम नेऊन बांधलेले, आणि लाटेची उंची चौपट झाली की तिच्यातील ऊर्जा सोळापट होत असल्यामुळे, वर्षभर दोन मीटरच्या लाटांवर पोसलेल्या या यंत्राला एखाद्या रात्री आठ मीटरच्या लाटांचा मारा जागच्या जागी सोसावा लागतो.

दोर ताठ बांधावा, तर यंत्र लाटेबरोबर उचलले जाताच असा हिसका बसतो की दोर तरी तुटावा किंवा नांगर तरी उखडावा. म्हणून पाण्याच्या खोलीच्या कित्येक पट लांबीची जड साखळी सोडण्याची तजवीज करतात. तिचा बराचसा भाग तळाच्या वाळूवर निपचित पडून असतो. यंत्र ओढ घेऊ लागले की एकेक कडी वाळूवरून उचलली जाते आणि त्या उचलण्यातच ओढीचा जोर जिरतो. धरून ठेवण्याचे काम येथे साखळीच्या बळाइतकेच तिच्या वजनाचे आहे. मात्र ज्या ठिकाणी कड्या अहोरात्र उठतात आणि पडतात, त्याच ठिकाणी त्या झिजतात, व ती झीज पाहायला पाणबुड्या उतरवावा लागतो. वारा वाढताच नांगराचा दोर आणखी सैल सोडण्याचे शहाणपण आपल्या कोकणातल्या नाखव्याजवळ असते. पण या यंत्रावर दोर सोडायला माणूसच नसतो.

डेन्मार्कमधील निस्सुम ब्रेडनिंग या खाडीत 2003 साली ‘वेव्ह ड्रॅगन’ नावाचे असे एक यंत्र नांगरले होते. लाटांचे पाणी उतारावरून वर चढवून टाकीत साठवायचे आणि ते पुन्हा समुद्रात सोडताना त्यावर टर्बाइन फिरवायची, अशी त्याची रचना. खुल्या समुद्रासाठी योजलेल्या यंत्राची ही लहान प्रतिकृती, तरी वजन 237 टन. जानेवारी 2005 मधील भीषण वादळात ते नांगरावरून सुटले आणि किनाऱ्याला लागले. त्या वेळी तुटले होते ते मुख्य दाव्यावर किती ताण येतो हे मोजण्यासाठी त्याच दाव्यात बसविलेले उपकरण.