क्यू आणि क्रमिक पुस्तक

दुकान बंद करून घरी परतलेल्या वडिलांनी मुलाची चौकशी करावी आणि तो पूल खेळायला गेल्याचे उत्तर मिळावे, हा प्रसंग शहरांतील व्यापारी कुटुंबांना आता अपरिचित राहिलेला नाही. सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाची वेळ टळलेली असते, वाणिज्य शाखेची परीक्षा महिन्यावर आलेली असते आणि मुलाचे मन मात्र टेबलाच्या कापडावर धावणाऱ्या रंगीत चेंडूंत गुंतलेले असते. मग खेळ सोडायचा की शिक्षण, असा वाद घरात सुरू होतो. पंकज अडवाणी यांचा जीवनक्रम पाहिला, तर हा वाद वेगळ्या रीतीनेही मांडता येतो.

पूल, स्नूकर आणि बिलियर्ड्स हे क्यूच्या साहाय्याने खेळले जाणारे एकाच कुळातील खेळ. पूलचे टेबल साधारणतः 9 फूट लांब आणि साडेचार फूट रुंद असते, तर स्नूकर व बिलियर्ड्सचे 12 फूट लांब आणि 6 फूट रुंद. अडवाणी यांचे नाव मोठ्या टेबलावर झाले. 24 जुलै 1985 रोजी पुण्यात त्यांचा जन्म झाला. बालपणीची काही वर्षे कुवेतमध्ये काढून कुटुंब बंगळुरूत स्थायिक झाले. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले होते. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास थोरले बंधू श्री यांच्यामुळे त्यांना स्नूकरची गोडी लागली. 1997 मध्ये, बारा वर्षांचे असताना, त्यांनी पहिली स्पर्धा जिंकली. माजी राष्ट्रीय विजेते अरविंद सवूर यांच्या मार्गदर्शनाखाली खेळाला शिस्त आली आणि 2003 मध्ये चीनमधील जियांगमेन येथे ते जागतिक हौशी स्नूकर विजेते ठरले. तेव्हा त्यांचे वय अवघे अठरा होते.

या वयात जगज्जेतेपद मिळालेल्या मुलाने पुस्तके बाजूला ठेवली असती, तरी कोणी फारसे नवल केले नसते. अडवाणी यांनी मात्र बंगळुरूच्या श्री भगवान महावीर जैन महाविद्यालयातून वाणिज्य शाखेची पदवी घेतली. 2005 मध्ये माल्टा येथे बिलियर्ड्सच्या गुणांच्या आणि वेळेच्या अशा दोन्ही प्रकारांत ते विश्वविजेते झाले. 2024 अखेर त्यांच्या जागतिक विजेतेपदांची संख्या 28 झाली होती. त्यांच्या आधीच्या पिढीतील, अहमदाबादेत वाढलेले गीत सेठी यांनीही गुजरात विद्यापीठाच्या बी. के. व्यवस्थापन संस्थेतून एम.बी.ए. केले आणि 1985 मध्ये जागतिक हौशी बिलियर्ड्सचे अजिंक्यपद मिळवले. पुढे प्रकाश पदुकोण यांच्यासह त्यांनी ऑलिम्पिक खेळाडूंना साहाय्य करणारी संस्था उभारली.

या दोन उदाहरणांवरून प्रत्येक मुलगा विश्वविजेता होईल, असा हिशेब मांडणे चुकीचे ठरेल. या खेळाची बाजारपेठ लहान आहे. ऑलिम्पिकमध्ये त्याला स्थान नाही. 1998 मध्ये आशियाई स्पर्धांत त्याचा समावेश झाला, पण 2010 च्या ग्वांगझूनंतरच्या स्पर्धांतून तो वगळला गेला. ग्वांगझूत सुवर्णपदक मिळवणाऱ्या अडवाणींनाही हा निर्णय रोखता आला नाही. सारे भांडवल एकाच मालात गुंतवू नये, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. खेळाडूसाठी पदवी म्हणजे तीच सावधगिरी होय.

घरातील तंटा बहुधा खेळापेक्षा वेळेवरून असतो. टेबल तासाच्या भाड्याने मिळते, पण क्लबमध्ये गेलेला वेळ त्याहून कितीतरी अधिक असतो. आपली पाळी येण्याची वाट पाहण्यात, दुसऱ्यांचे डाव बघण्यात आणि ‘आणखी एकच डाव’ म्हणता म्हणता संध्याकाळ सरते. एकट्याने दीड तास एकच फटका पुनःपुन्हा घोटणारा मुलगा आणि मित्रांबरोबर चार तास बसणारा मुलगा, दोघेही घरी ‘सराव केला’ असेच सांगतात. पहिल्याच्या अभ्यासाला वेळ उरतो, दुसऱ्याच्या उरत नाही.

दुसरी दक्षता याहून गंभीर. हरणाऱ्याने टेबलाचे भाडे भरायचे, ही प्रथा अनेक ठिकाणी आढळते. भाड्यावरून नाश्त्यावर आणि नाश्त्यावरून रोख पैशांवर येण्यास फार काळ लागत नाही. सप्त व्यसनांत द्यूताचा उल्लेख प्रथम येतो, हे जैन घरांतील मुलांनी पाठशाळेत ऐकलेले असते. मात्र भाड्याची पैजही त्याच वाटेवरची आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. आपले भाडे आपण भरावे आणि डावावर काहीही लावू नये, एवढा नियम घरात स्पष्ट असला की खेळ खेळच राहतो.

म्हणून खेळावर सरसकट बंदी घालण्यापूर्वी वडिलांनी एकदा त्या क्लबमध्ये जाऊन बसावे. तेथे कोण येते, धूम्रपान चालते का, शिकवणारा कोणी आहे का, हे स्वतः पाहावे. सरावाचे दिवस व तास मुलाशी बोलून ठरवावेत, सायंकाळऐवजी सकाळची वेळ मिळते का ते विचारावे आणि परीक्षेच्या महिन्यात तास निम्मे करावेत. महिन्याअखेरीस खेळाचे तास, अभ्यासाचे तास आणि झालेला खर्च मुलाने स्वतःच्या हाताने वहीत लिहून दाखवावा. ज्या घरात रोजच्या विक्रीची नोंद झाल्यावाचून दिवस संपत नाही, त्या घरातील मुलाला अशी वही ठेवणे जड जाऊ नये.