पस्तीस इंची टायर आणि क्राउन-पिनियनचं गणित

अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हर शहरातून पश्चिमेला निघालं की आय-70 हा महामार्ग रॉकी पर्वत चढू लागतो. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून 1600 मीटरवर आहे. तिथून शंभरेक किलोमीटरवर, आयझेनहॉवर बोगद्यापाशी, हाच रस्ता 3350 मीटरच्या वर पोचलेला असतो. या चढावर उजव्या लेनमध्ये एखादा तरी उंच केलेला, जाडजूड टायरांचा पिकअप ट्रक दिसतोच. त्याचा आवाज ऐकत राहावा. इंजिन ओरडतं, मग दबतं, पुन्हा ओरडतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स सहावा टाकतो, तो झेपत नाही म्हणून पाचव्यावर येतो, मग चौथ्यावर, जरा सपाटी मिळाली की पुन्हा सहाव्यावर. मालक सांगतो, ‘इंजिनात आता दम राहिला नाही.’

इंजिन ठणठणीत असतं. टायर बदलले त्या दिवशी इंजिनाच्या हातातली पहार आखूड झाली, आणि तेवढ्याच जोरात जास्त ओझं उचलायची वेळ त्याच्यावर आली. ही पहार पुन्हा लांब करायचा मार्ग म्हणजे अ‍ॅक्सलमधला क्राउन आणि पिनियन, ही एकमेकांत गुंतणारी दातेरी चाकांची जोडी, बदलणं. मोठे टायर हौसेनं घेणारे पुष्कळ जण या कामाबद्दल ऐकीव माहितीवर निर्णय घेतात, आणि त्यात पैसे तर जातातच, कधी अ‍ॅक्सलही जातो.

गणितासाठी एक खरी गाडी धरू. 2014 ते 2018 या काळातला शेव्हरोले सिल्व्हराडो 1500, 5.3 लिटरचं व्ही-8 इंजिन, सहा गिअरचा ऑटोमॅटिक. त्यावर 265/65 आर 18 मापाचा टायर येत असे, म्हणजे व्यास सुमारे 802 मिलिमीटर, साधारण साडेएकतीस इंच. अ‍ॅक्सलचा रेशो 3.42. क्राउनला 41 दात, पिनियनला 12. 41 भागिले 12 म्हणजे 3.42. पिनियन 11 दातांचा केला की 3.73 आणि 10 दातांचा केला की 4.10. सगळा खेळ एकेका दाताचा आहे. (41 ही मूळ संख्या असल्यामुळे पिनियनचा प्रत्येक दात क्राउनच्या प्रत्येक दाताला आळीपाळीनं भेटतो आणि झीज सगळीकडे सारखी होते.)

आता याच गाडीला 35 इंची, म्हणजे 889 मिलिमीटर व्यासाचे टायर चढवले. व्यास जवळजवळ 11 टक्क्यांनी वाढला. 3.42 चा परिणाम त्याच प्रमाणात घटून 3.08 इतका उरला. याच गाडीला कंपनी 3.08 चा अ‍ॅक्सलही देत असे. सपाट रस्त्यावर, रिकाम्या गाडीनं, इंधन वाचवत जाणाऱ्यांसाठी तो होता. म्हणजे दगडधोंडे तुडवायला आणि मागे ट्रेलर ओढायला म्हणून टायर घातले, आणि गाडीला अ‍ॅक्सल मिळाला तो सर्वांत कमी ओढणारा. तोही जास्त जड चाकांसकट, कारण असा टायर मूळ टायरपेक्षा प्रत्येकी दहा किलोहून अधिक जड असू शकतो. आता या कामाबद्दलचे ऐकीव समज एकेक करून पाहू.

‘आकडा मोठा, म्हणजे वेग मोठा’

उलट आहे. 4.10 म्हणजे चाकाच्या एका फेरीसाठी प्रॉपेलर शाफ्टला 4.1 फेऱ्या माराव्या लागतात. आकडा वाढला की ओढ वाढते आणि त्याच वेगाला इंजिन जास्त फिरतं. गिअरच्या सायकलवर चढाला मागचं मोठं चक्र लावतात, त्यातलंच हे. गोंधळ शब्दांमुळे होतो: अमेरिकन मेकॅनिक 3.08 ला ‘हाय’ गिअर म्हणतात आणि 4.10 ला ‘लो’. दुकानात बोलताना आकडाच सांगावा.

‘गिअर बदलले की इंजिनाची ताकद वाढते’

हा समज सर्वांत पसरलेला, आणि अपेक्षाभंगाचं मूळही हाच. इंजिनाची अश्वशक्ती एका घोड्यानंही वाढत नाही. बदलतो तो चाकाशी पोचणारा टॉर्क. सिल्व्हराडोत 3.42 च्या जागी 4.10 बसवला की चाकावरचा टॉर्क 20 टक्के वाढतो. त्यातले सुमारे 11 टक्के टायरनं खाल्लेलेच होते. नव्या गाडीच्या तुलनेत हातात उरतात ते आठेक टक्के, आणि जड चाकं, उंच गाडीला लागणारा वारा यांत तेही बरेचसे खर्ची पडतात.

उंचीवर विरळ हवेमुळे टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना ढोबळमानानं 3 टक्के ताकद गमावतं. बोगद्यापाशी तीसेक टक्के गेलेले असतात, आणि ते कोणताही क्राउन-पिनियन परत आणू शकत नाही. तो एवढंच करतो की उरलेल्या ताकदीच्या जागी, योग्य आरपीएमवर, इंजिनाला टिकू देतो. चढावर याचंच मोल आहे. गिअरबॉक्सची चुळबुळ थांबते. टॉर्क कन्व्हर्टरचं लॉक सारखं सुटत नाही, त्यामुळे गिअरबॉक्सचं तेल कमी तापतं. आणि ऑटोमॅटिकचं आयुष्य त्या तेलाच्या तापमानावर ठरतं. नुसत्या ‘पिकअप’साठी हे काम करू नये असं मला वाटतं, गिअरबॉक्स जपण्यासाठी जरूर करावं.

‘आरपीएम वाढलं, म्हणजे अ‍ॅव्हरेज बुडालं’

ताशी 100 किलोमीटरला, सहाव्या गिअरमध्ये, ही गाडी मूळ टायरांवर सुमारे 1515 आरपीएमनं चालते. 35 इंची टायर आणि जुना 3.42 असेल तर 1365. त्याच टायरांवर 3.73 बसवला तर 1490, 4.10 बसवला तर 1640, 4.56 बसवला तर 1825. म्हणजे 3.73 नं गाडी जवळपास मूळ जागी येते आणि 4.10 नं सव्वाशे फेऱ्या वर जाते. कागदावर 1365 सर्वांत काटकसरीचा दिसतो. पण त्या फेऱ्यांवर जड गाडी सहाव्यात टिकली तर ना! वाऱ्यात, चढात ती पाचव्यावर येते आणि आरपीएम 1735 होतं, तेही पाय खोल दाबलेला असताना. सहाव्यात निवांत चालणारा 4.10 तिथे पुष्कळदा बरोबरी करतो. पूर्ण सपाट प्रदेशात, कायम रिकामी गाडी चालवणाऱ्याला मात्र 4.10 नं थोडं इंधन जास्त लागेल, हे मान्य केलं पाहिजे.

या वादात एक चूक जवळजवळ सगळे करतात. मोठ्या टायरांवर मीटर कमी किलोमीटर मोजतो. मीटरवर 500 दिसतात तेव्हा गाडी खरी सुमारे 554 चाललेली असते. 70 लिटर पेट्रोल लागलं असेल तर मीटरप्रमाणे अ‍ॅव्हरेज 7.1, प्रत्यक्षात 7.9. अ‍ॅव्हरेज पडतंच, पण हळहळ होते तितकं नाही. आधी मीटर दुरुस्त करावा, मग तुलना.

‘मीटर प्रोग्रॅम करून घेतला, आता गिअरची गरज नाही’

कॉम्प्युटरला टायरचं नवं माप सांगितलं की वेग खरा दिसतो आणि गिअर बदलण्याची वेळ सुधारते. हे करायलाच हवं, कारण मीटर 100 दाखवत असताना 110 नं जाणं धोक्याचं आणि दंडाचं आहे. पण लोखंडाचे दात तेवढेच राहतात. गंमत अशी की ज्या गाड्यांत वेग गिअरबॉक्सच्या बाहेरच्या शाफ्टवर मोजला जातो, तिथे 35 इंची टायरांसोबत 3.73 बसवला तर मीटर दीड-दोन टक्क्यांच्या फरकानं आपोआप ताळ्यावर येतो. 4.10 बसवला तर उलट्या बाजूनं चुकतो, खऱ्या 100 ला 108 दाखवतो.

‘फोर-बाय-फोर क्वचितच लावतो, मागचा अ‍ॅक्सल बदलला की पुरे’

इथे मी कळकळीनं थांबवीन. मागे 4.10 आणि पुढे 3.42 ठेवून ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटणारी पेटी) लॉक केली, तर पुढची आणि मागची चाकं 20 टक्के वेगळ्या वेगानं फिरायला पाहतात. कोरड्या रस्त्यावर दोन्ही शाफ्ट पिळवटतात आणि ट्रान्सफर केस, जॉइंट किंवा अ‍ॅक्सल यांतलं जे कमजोर असेल ते तुटतं. बर्फावर तुटणार नाही कदाचित, पण तिथे एक जोडी सतत घसरत राहील, म्हणजे जिच्यासाठी फोर-बाय-फोर लावलं ती पकडच जाईल. जुन्या काही फोर्ड पिकअपमध्ये कारखान्यातूनच मागे 4.10 आणि पुढे 4.09 असे, ते चालतं. फरक पाव टक्क्याचा आहे. त्यापलीकडे सूट नाही. म्हणून खर्च धरताना दोन्ही अ‍ॅक्सलचा धरावा.

‘बदलायचंच आहे तर सर्वांत मोठा आकडा घ्या’

आकडा वाढतो तसा पिनियन बारीक होतो. कमी दात, लहान डोकं, आणि एका वेळी एकमेकांत गुंतलेल्या दातांचा आधारही कमी. जड टायरवर खडकात अडकून जोर लावला की हाच पिनियन आधी जातो. जुन्या डाना 44 अ‍ॅक्सलमध्ये आणखी एक अडचण आहे: 3.73 पर्यंत एक कॅरिअर (क्राउन ज्यावर बसतो तो भाग) लागतो आणि 3.92 पासून पुढे दुसरा, कारण बारीक पिनियनपर्यंत क्राउनला पोचवायचं असतं. हे आधी विचारलं नाही तर बिल ऐन वेळी वाढतं.

शिवाय ‘या टायरला हा रेशो’ असे जे तक्ते हातोहात फिरतात, त्यांतले बरेच जुन्या चार गिअरच्या ऑटोमॅटिकच्या काळातले आहेत. जनरल मोटर्सच्या त्या चार गिअरवाल्यात पहिला गिअर 3.06 चा होता. सिल्व्हराडोच्या सहा गिअरवाल्यात तो 4.03 आहे आणि फोर्ड एफ-150 च्या दहा गिअरवाल्यात 4.70. चार गिअरच्या गाडीत 4.10 बसवला तर पहिल्या गिअरला एकूण गुणक साडेबारा. दहा गिअरच्या एफ-150 मध्ये कारखान्यातल्या 3.55 वरच तो पावणेसतरा. अशा गाडीला 33 इंची टायर घातले तर मी गिअरला हातही लावणार नाही.

‘ब्रेक आणि ट्रेलर ओढण्याची मर्यादाही सुधारते’

नाही. टायरची त्रिज्या वाढली की तेवढंच थांबायला ब्रेकला 11 टक्के जास्त जोर लावावा लागतो, आणि क्राउन-पिनियनचा त्याच्याशी संबंध नाही. कंपनीनं ठरवलेली वजनाची मर्यादाही चौकट, ब्रेक, कूलिंग यांवर ठरते. आपण गॅरेजमध्ये दात बदलल्यानं ती वाढत नाही. आणि सह्याद्रीत गाडी घालायच्या विचारानं हे वाचणाऱ्यांसाठी: मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं आहे की, वाहन कंपनीच्या मूळ तपशिलापासून वेगळं होईल असे बदल करता येत नाहीत. भारतात टायरचं माप वाढवण्याआधीच आरटीओकडे चौकशी करावी.

‘जुने काढा, नवे बसवा, एका दुपारचं काम’

या अ‍ॅक्सलमध्ये पिनियन क्राउनच्या मध्यरेषेच्या खाली बसवलेला असतो. अशा हायपॉइड रचनेत दात एकमेकांवर फिरतात आणि घसरतातही, म्हणून तेल जीएल-5 दर्जाचंच लागतं. क्राउन आणि पिनियन जोडीनं घासून तयार केलेले असतात. एकाचा क्राउन आणि दुसऱ्याचा पिनियन चालत नाही. बसवताना पिनियन किती आत-बाहेर हवा ते पातळ शिम घालून ठरवतात. दोन दातांमधली मोकळीक, ज्याला बॅकलॅश म्हणतात, ती साधारण 0.15 ते 0.25 मिलिमीटर ठेवतात, म्हणजे वहीच्या दोन पानांएवढी. बेअरिंगवर आधीच ठेवलेला दाब, म्हणजे प्रीलोड, वेगळा मोजतात. मग दातांना रंग फासून, फिरवून, ठसा दाताच्या मध्यावर उमटतो का ते पाहतात. तो टोकाकडे किंवा मुळाकडे सरकलेला दिसला की पुन्हा उघडायचं, शिम बदलायची, पुन्हा बसवायचं. चांगला कारागीर हे तीन-चार वेळा करतो आणि त्याबद्दल कुरकुरत नाही. काम झाल्यावर त्याच्याकडे त्या ठशाचा फोटो मागावा. जो आनंदानं दाखवतो त्याच्याकडे पुढचा अ‍ॅक्सलही द्यावा.

नव्या दातांना बसायला वेळ लागतो. पहिल्या दिवशी पंचवीस-तीस किलोमीटर हलक्या पायानं चालवून गाडी पूर्ण थंड होऊ द्यावी, असं दोन-तीनदा करावं. पहिले 800 किलोमीटर ट्रेलर जोडू नये. नंतर तेल बदलावं. त्यात बारीक चकाकी दिसली तर घाबरायचं कारण नाही, बोटाला टोचणारे तुकडे लागले तर मात्र गाडी तिथेच उभी करावी.