पक्षाघातानंतरचे चालणे व तोल : स्नेहन-स्वेदनापुढील कर्तव्य

पक्षाघात हा वातव्याधींतील कष्टसाध्य व्याधी होय. आपल्या चिकित्सालयात येणारा पक्षाघाताचा रुग्ण बहुधा रुग्णालयातून घरी पाठविल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी येतो. जिवाचा धोका टळलेला असतो, रक्तदाब आटोक्यात आलेला असतो आणि नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'वैद्यराज, हे पुन्हा चालतील ना?' या प्रश्नाचे उत्तर तैल, बस्ती व काढे यांच्या निवडीवर जितके अवलंबून आहे, तितकेच, किंबहुना अधिक, अभ्यंगाच्या टेबलावरून उतरल्यावर रुग्ण काय करतो यावर अवलंबून आहे. या दुसऱ्या भागाकडे आपले दुर्लक्ष होते. म्हणून प्रस्तुत लेखात त्याचाच विचार केला आहे.

प्रथम एक गोष्ट निःसंदिग्धपणे नमूद करणे आवश्यक आहे. तोंड वाकडे होणे, हात किंवा पाय अकस्मात लुळा पडणे, वाचा अडखळणे ही लक्षणे दिसताच रुग्णाला १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने, मेंदूचे सी.टी. स्कॅन होऊ शकेल अशा रुग्णालयात पाठवावे. रक्ताची गाठ विरघळविणाऱ्या इंजेक्शनचा उपयोग साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच होतो. त्या वेळी तोंडाने औषध, तूप किंवा काढा देऊ नये. पुढील सर्व विवेचन तीव्र अवस्था ओसरल्यानंतरचे आहे.

तोल का जातो?

निरोगी मनुष्य चालतो तेव्हा प्रत्येक पाय चालीच्या एका आवर्तनात सुमारे ६० टक्के काळ जमिनीवर व ४० टक्के काळ अधांतरी असतो. याचाच अर्थ, दर पावलागणिक काही क्षण संपूर्ण शरीराचा भार एका पायाने पेलावा लागतो. पक्षाघातात बाधित पाय हे काम टाळतो. भार निरोगी बाजूवर सरकतो, गुडघा मागे ढकलला जातो, पाऊल लोंबते आणि ते जमिनीला घासू नये म्हणून रुग्ण पाय बाहेरून अर्धगोलाकार फिरवून पुढे टाकतो. त्यात संधींची स्थिती कळविणारी संवेदना मंदावलेली असल्यास पाय कोठे आहे हे डोळ्यांनी पाहिल्याविना कळत नाही. मेंदूच्या उजव्या भागास इजा झालेले काही रुग्ण डाव्या बाजूची दखलच घेत नाहीत आणि दाराच्या चौकटीला धडकतात. तेव्हा 'पायात शक्ती नाही' एवढे निदान पुरेसे नाही. शक्ती, संवेदना, ताठरपणा आणि अवधान या चारही बाबी स्वतंत्रपणे तपासाव्यात.

शास्त्राधार

चरकाचार्यांनी स्वेदाध्यायात दिलेला दृष्टान्त सर्वांच्या परिचयाचा आहे. वाळलेले लाकूडही स्नेह व स्वेद यांच्या योगाने नमविता येते, मग जिवंत मनुष्याची काय कथा, असा त्याचा आशय. या दृष्टान्ताचा पूर्वार्ध आपण नेहमी सांगतो. परंतु तेल लावून शेकलेले लाकूड आपोआप वाकत नाही. ते वाकविणारा कारागीर लागतो आणि ते मऊ आहे तोवरच वाकवावे लागते. स्नेहन-स्वेदनाने स्तंभ व वेदना कमी होऊन अंग हालचालीस अनुकूल होते. त्या अनुकूलतेचा उपयोग उभे राहण्यासाठी व चालण्यासाठी त्याच दिवशी केला नाही, तर पूर्वकर्म झाले आणि प्रधान कर्म राहून गेले, असेच म्हणावे लागेल.

सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या पाचव्या अध्यायात पक्षाघाताचा चिकित्सायोग्य रुग्ण वर्णन करताना त्याची गात्रे सुकलेली नसावीत, त्याला वेदना जाणवत असाव्यात, तो आत्मवान असावा व उपकरणवान असावा, असे सांगितले आहे. पुढे स्नेहन, स्वेदन, मृदु शोधन, अनुवासन व आस्थापन बस्ती, शिरोबस्ती, उपनाह असा क्रम सांगून हा उपक्रम आळस न करता तीन ते चार महिने करावा, असा निर्देश आहे. 'आत्मवान' म्हणजे सरावाला कंटाळणार नाही असा निग्रही रुग्ण, आणि 'उपकरणवान' यात आजच्या काळी काठी, आधाराचा कठडा व योग्य उंचीची खुर्चीही येते, असे आम्ही मानतो.

आधुनिक अभ्यास काय सांगतात?

तीन-चार महिन्यांची ही मर्यादा लक्षणीय आहे. कोपनहेगन येथील ८०४ रुग्णांच्या, १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ९५ टक्के रुग्णांची चालण्यातील सुधारणा पहिल्या ११ आठवड्यांत पूर्ण झाल्याचे आढळले. म्हणजे हा काळ सर्वांत मोलाचा. तो नुसता खाटेवर घालविणे रुग्णाला परवडणारे नाही.

मात्र घाईही इष्ट नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'ॲव्हर्ट' या २१०४ रुग्णांच्या चाचणीत पहिल्या २४ तासांतच वारंवार व दीर्घकाळ उठविलेल्या रुग्णांची तीन महिन्यांनंतरची स्थिती नेहमीचे उपचार मिळालेल्यांपेक्षा किंचित हीनच ठरली.

तिसरा अभ्यास २०११ सालचा, अमेरिकेतील ४०८ रुग्णांचा. एका गटाला शरीराचा भार वरून दोरांनी पेलणाऱ्या चालत्या पट्ट्यावर चालविले, तर दुसऱ्या गटाला प्रशिक्षित तज्ज्ञाने घरी येऊन बल व तोल यांचा क्रमाने वाढणारा व्यायाम दिला. दोन्हींत १२ ते १६ आठवड्यांत ३६ सत्रे झाली. वर्षअखेर दोन्ही गटांत सारखीच सुधारणा दिसली. एकंदर ५२ टक्के रुग्णांची चालण्याची पातळी उंचावली होती. महागडे यंत्र नसल्याने रुग्णाचे चालणे अडत नाही, हा याचा बोध. मात्र याच अभ्यासात अर्ध्याहून अधिक रुग्ण वर्षभरात किमान एकदा पडले, हेही विसरू नये.

चौथा अभ्यास आपल्याच देशातील आहे. 'अटेंड' या २०१७ सालच्या चाचणीत भारतातील १४ केंद्रांवरील १२५० रुग्ण होते. घरातील एका व्यक्तीला शिकवून तिच्याकरवी घरी पुनर्वसन करविले. सहा महिन्यांनी मृत किंवा परावलंबी असलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्केच राहिले. घरच्यांना शिकविणे आवश्यक आहे, पण तेवढ्याने भागत नाही. जाणत्याची नियमित देखरेख हवी, असा अर्थ आम्ही यातून घेतो.

येथेच आपले स्थान स्पष्ट होते. फिजिओथेरपिस्ट तालुक्याच्या गावी असतो व आठवड्यातून एखादे वेळी भेटतो. अभ्यंग-बस्तीसाठी रुग्ण आपल्याकडे मात्र सलग कित्येक दिवस येतो. फिजिओथेरपिस्टने आखून दिलेला सराव आपल्या देखरेखीखाली रोज करवून घेणे आपल्याला सहज शक्य आहे.

सरावाचा क्रम

१. बसणे : खाटेच्या कडेला, दोन्ही तळपाय जमिनीवर टेकवून, दोन्ही नितंबांवर समान भार देऊन बसावे. नंतर बाधित बाजूकडे ठेवलेली वस्तू निरोगी हाताने घेण्याचा सराव करावा.

२. उठ-बस : थोडी उंच, स्थिर खुर्ची घ्यावी. पावले गुडघ्यांच्या किंचित मागे, त्यातही बाधित पाऊल थोडे अधिक मागे ठेवावे, म्हणजे त्यावर भार येतो. धड पुढे झुकवून उठावे, सावकाश बसावे. सुधारणा होईल तशी बैठक कमी उंचीची करावी.

३. उभे राहणे : पुढे स्वयंपाकाचा ओटा, मागे खुर्ची अशा जागी उभे करावे. भार डावी-उजवीकडे सरकविण्याचा सराव झाल्यावर निरोगी पाऊल बुटक्या पाटावर ठेवावे. त्यामुळे बाधित पायाला भार पेलणे भाग पडते.

४. पावले टाकणे : ओट्याच्या कडेने पुढे, मागे व आडवी पावले टाकावीत.

५. चालणे : काठी निरोगी हातात धरावी. तिची मूठ, हात सरळ सोडला असता, मनगटाच्या रेषेइतक्या उंचीवर यावी. आधी काठी, मग बाधित पाय, मग निरोगी पाय असा क्रम ठेवावा. मदतनिसाने बाधित बाजूला किंचित मागे राहून कमरेचा पट्टा धरावा. लुळा हात धरून ओढू नये. पाऊल लोंबत असल्यास फूट-ड्रॉप स्प्लिंटचा विचार करावा.

६. उंबरठा व पायऱ्या : चढताना निरोगी पाय आधी, उतरताना बाधित पाय आधी.

सराव एकदाच दीर्घकाळ करण्यापेक्षा दिवसातून तीन-चार वेळा थोडा थोडा करावा. सुरुवातीला वाग्भटांनी दिनचर्याध्यायात सांगितलेली अर्धशक्तीची मर्यादा हेच योग्य मान होय. छातीत दुखणे, चक्कर किंवा असाधारण दम लागल्यास त्वरित थांबावे. चालण्याने ताठरपणा वाढतो ही भीती निराधार आहे. बलवर्धक व्यायामाने तो वाढत नाही, असेच अभ्यासांत दिसून आले आहे. सहा महिने उलटलेल्या रुग्णानेही आशा सोडू नये. आधाराने का होईना चालू शकणाऱ्या जुन्या रुग्णांसाठी २०२० च्या अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांनी मध्यम ते अधिक श्रमाच्या चालण्याच्या सरावाची शिफारस केली आहे. मात्र त्यापूर्वी हृदयाची तपासणी व्हावी.

मोजमाप

'बरे वाटते' ही नोंद पुरेशी नाही. जमिनीवर १० मीटर अंतर आखून ते चालण्यास लागणारा काळ दर आठवड्याला लिहून ठेवावा. २५ सेकंदांहून अधिक वेळ लागणारा रुग्ण घरातल्या घरातच चालू शकतो. साडेबारा सेकंदांच्या आत चालणारा बाजारहाट करण्याच्या योग्यतेला पोहोचतो. दोन-तीन आठवडे आकडा हलला नाही, तर कारण शोधावे व फिजिओथेरपिस्टचा सल्ला घ्यावा.

चिकित्सकांनी घ्यावयाची सावधगिरी

अभ्यंगानंतर तळपाय तेलकट असतात आणि शहाबादी किंवा गुळगुळीत फरशीवर ते घातक ठरतात. कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने पाय नीट पुसून, न घसरणारी, मागे पट्टा असलेली पादत्राणे घालूनच रुग्णास उभे करावे. स्वेदनानंतर रक्तदाब उतरू शकतो, म्हणून थोडी विश्रांती देऊन, बसून व उभे राहून असा दोन्ही वेळा रक्तदाब मोजावा. संवेदना मंद असलेल्या अंगावर नाडीस्वेद किंवा पोटली फिरविताना उष्णतेचा अंदाज रुग्णाच्या निरोगी बाजूवर घ्यावा, अन्यथा भाजते व रुग्णाला कळतही नाही. लुळ्या खांद्यास कधीही हिसका देऊ नये. पोटरी सुजलेली, गरम व दुखरी असेल तर मर्दन करू नये. शिरेत रक्ताची गाठ असण्याची शक्यता असते. रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. गिळताना ठसका लागणाऱ्या रुग्णास स्नेहपान देऊ नये.

औषधालय-चालकांसाठी

आपल्या दुकानात येणारा नातेवाईक 'लकव्याचे तेल' मागतो. तेल देताना दोन प्रश्न अवश्य विचारावेत : रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत ना, आणि रक्त पातळ ठेवणारे औषध चालू आहे काय? या गोळ्या परस्पर बंद करणे म्हणजे दुसऱ्या झटक्याला निमंत्रण होय. ज्येष्ठमधाचे कल्प दीर्घकाळ, अधिक मात्रेत घेतल्यास रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते. रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर सर्पगंधा घेतल्यास रक्तदाब अति उतरून रुग्ण पडू शकतो. लसूण व गुग्गुळाचे कल्प रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांबरोबर चिकित्सकाच्या देखरेखीवाचून देऊ नयेत. तेलाच्या बाटल्यांशेजारी योग्य उंचीच्या, रबरी बूच असलेल्या काठ्या, कमरेचे पट्टे व कमोड-खुर्ची ठेवल्यास रुग्णाची मोठी सोय होईल. झिजलेले रबरी बूच बदलून देणे हीदेखील रुग्णसेवाच आहे.

न्हाणीघरात भिंतीला धरावयाची दांडी, रात्री संडासच्या वाटेवर दिवा, वाटेतील सतरंज्या व वायरी दूर करणे, या साध्या गोष्टी प्रत्येक नातेवाइकास लेखी द्याव्यात. पडून खुब्याचे हाड मोडल्यास महिनोन्महिन्यांचे उपचार वाया जातात.

स्नेहन, स्वेदन व बस्ती यांचे महत्त्व कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. त्या उपक्रमांनी अनुकूल झालेला देह पुन्हा चालता व्हावा, यासाठी प्रत्येक चिकित्सालयात अभ्यंगाच्या टेबलाशेजारी भिंतीला एक भक्कम कठडा आणि जमिनीवर १० मीटरची एक रेघ असावी. या दोहोंचा खर्च अल्प आहे. त्यांचा रोज, आळस न करता, तीन-चार महिने उपयोग करवून घेणे हे मात्र आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.