जांभळा, पण कुठला?

‘सायबेरियन ॲमेथिस्ट’ म्हणून विकला जाणारा खडा बऱ्याचदा सायबेरियातला नसतोच, माहीत आहे का? तो झांबियाचा निघतो, नाहीतर उरुग्वेचा! रत्नबाजारात ‘सायबेरियन’ हा आता पत्ता राहिलेला नाही, ती रंगाची पदवी झाली आहे. गर्द जांभळा रंग, आत निळसर झाक आणि खडा जरा फिरवला की लाल चमक. एवढं जमलं की झाला सायबेरियन!

या पदवीचे मूळ मानकरी रशियातल्या उरल पर्वताचे. मुर्झिंका गावाजवळच्या खाणींतले खडे रशियाच्या दरबारात मिरवले आणि त्यांचा रंग हीच जगाची फूटपट्टी झाली. त्यातही गंमत बघा, उरल म्हणजे सायबेरियाची वेस. मूळचा सायबेरियनसुद्धा काठावर पास!

आता खरा धक्का. तुमच्या अंगठीतला जांभळा खडा म्हणजे चक्क गारगोटी! क्वार्ट्झच तो. त्यात लोखंडाचे अगदी थोडे अणू शिरतात, आजूबाजूच्या खडकांतून येणारा नैसर्गिक किरणोत्सर्ग त्यांच्यावर वर्षानुवर्षं, लाखो वर्षं काम करत राहतो आणि बिनरंगी गारगोटी जांभळी होते. लोखंड कमी-जास्त, किरणं कमी-जास्त, की छटा बदलली. म्हणून तर खाणीगणिक रंग वेगळा.

रंग उडवायचाय? भट्टीत चारशे-पाचशे अंशांच्या आसपास तापवा. बरेचसे ॲमेथिस्ट पिवळे-नारिंगी होतात आणि ‘सिट्रिन’ या नावाने पुन्हा दुकानात येतात. बाजारातला बहुतेक सिट्रिन असाच भाजून काढलेला असतो, माहीत होतं? पण ब्राझीलच्या मोंतेझुमाचा खडा तापवून बघा. तो पिवळा व्हायचं नाव घेत नाही, हिरवा होतो! आच तीच, गाव वेगळं. या हिरव्याला ‘प्रासिओलाइट’ म्हणतात.

आणि हो, घरातला ॲमेथिस्ट खिडकीत ठेवू नका. सततच्या कडक उन्हाने त्याचाही रंग उतरतो.

एके काळी हिरा, माणिक, नीलम आणि पाचू यांच्या पंगतीत पाचवं पान ॲमेथिस्टचं होतं, हे माहीत आहे का? मग एकोणिसाव्या शतकात दक्षिण अमेरिकेतले प्रचंड साठे हाती लागले आणि इतका भाव खाणाऱ्या खड्याचा भावच बसला. आपल्यासारख्यांसाठी हे उत्तमच झालं. राजेरजवाड्यांचं रत्न आता पगारात बसतं!

ते साठे होते तरी कुठे? लाव्हातल्या बुडबुड्यांत! लाव्हा थंड झाला, वायूच्या पोकळ्या उरल्या, त्यांत सिलिका विरघळलेलं पाणी झिरपलं आणि भिंतींवर स्फटिक वाढले. हाच जिओड. बाहेरून फणसासारखा ओबडधोबड, फोडला की आत झगमगाट. ब्राझीलचं रियो ग्रांदे दो सुल आणि उरुग्वेचं आर्टिगास हे शेजारी, लाव्हाही एकाच महापुराचा, सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वीचा. तरी माल वेगळा! उरुग्वेचे स्फटिक सहसा छोटे पण रंगाने गडद. ब्राझीलचे तुकडे मोठे, रंग मात्र फिकट लव्हेंडरपासून गर्द जांभळ्यापर्यंत काहीही. तिथल्या आमेतिस्ता दो सुल या गावात तर चर्चच्या आतल्या भिंतीसुद्धा ॲमेथिस्टने मढवल्या आहेत. गावाचं नावही तेच, भिंतीही त्याच!

उरुग्वेची सम्राज्ञी कुठे राहते, सांगा बरं? ऑस्ट्रेलियात! ‘एम्प्रेस ऑफ उरुग्वे’ हा ३.२७ मीटर उंचीचा, अडीच टनांचा जिओड क्वीन्सलँडमधल्या ॲथर्टन गावी उभा आहे. माहेर सुटलं, नाव नाही सुटलं.

लाव्हाचाच विषय निघालाय, तर आपला दख्खन मागे कसा राहील? सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या आपल्या काळ्या कातळातही अशाच पोकळ्या आहेत. जालना आणि छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात ॲमेथिस्टचे जिओड सापडले आहेत. दख्खनच्या कातळाची खरी श्रीमंती मात्र झिओलाइट्स या खनिजांची. ती बघायची तर सिन्नरच्या ‘गारगोटी’ संग्रहालयात जा. जरूर जा!

झांबियाला जाऊ. करिबाच्या बाजूचा खडा म्हणजे निळसर झाक असलेला, दाट, भारदस्त जांभळा. पण इथे एक मेख आहे. रंग इतका दाट असतो की मोठा खडा काढला तर घरातल्या मंद दिव्यात तो काळाच दिसायला लागतो. म्हणून झांबियाचा खडा छोट्या आकारात जास्त खुलतो. गडद म्हणजे चांगला, हा समज इथे साफ आपटतो. गडद हवा, पण आतून उजेड खेळायला हवा!

कॅनडातल्या थंडर बेचा ॲमेथिस्ट कधी कधी चक्क लाल दिसतो. हेमॅटाइटचे, म्हणजे लोहखनिजाचे बारीक कण स्फटिकाच्या पृष्ठभागालगत अडकलेले असतात. थंडर बे ज्या प्रांतात येतं, त्या ऑन्टारिओने १९७५ मध्ये ॲमेथिस्टला प्रांताचं मानाचं खनिज करून टाकलं.

बोलिव्हियाच्या अनाही खाणीत एकाच स्फटिकात अर्धा जांभळा, अर्धा पिवळा. नाव अमेट्रिन. टू-इन-वन!

मेक्सिको तर स्वतःशीच सहमत नाही. व्हेराक्रूझचे स्फटिक फिकट, नितळ, पाण्यासारखे पारदर्शक. गुरेरोचे गडद. पासपोर्ट एक, चेहरे दोन. मग नुसतं देशाचं नाव ऐकून पैसे कसे मोजायचे?

त्यापेक्षा हे करा. खडा पांढऱ्या कागदावर पालथा ठेवा, दिवसाच्या उजेडात. आता नीट बघा. जांभळा सगळीकडे सारखा आहे, की एका कोपऱ्यात गर्द पट्टा आणि बाकी पाणी? ॲमेथिस्टच्या स्फटिकात रंग थरांनी, कोनांनी बसतो, त्यामुळे असे पट्टे नेहमीचेच. आणि पैलू पाडणारा कारागीर किती हुशार, माहीत आहे का? कच्च्या दगडात रंगाचा एकच ठिपका असला, तर तो खड्याच्या अगदी तळाच्या टोकाशी येईल असा दगड कापतो. वरून बघाल तर आरशांतून फिरून फिरून तो ठिपका संपूर्ण खडा जांभळा करतो! पालथा केलात की गुपित उघड. ही फसवणूक अजिबात नाही, हे अस्सल कसब आहे. फक्त किंमत देताना ते माहीत असावं.

दुकानातल्या पिवळ्या बल्बखाली खडा जास्त लालसर दिसतो, म्हणून दाराशी येऊन एकदा बघाच. आत डोळ्यांना डाग दिसायला नकोत, कारण नितळ ॲमेथिस्ट मुबलक मिळतो. आणि आनंदाची बातमी, मोठ्या खड्याचा कॅरेटमागे भाव माणकासारखा उड्या मारत नाही!

प्रयोगशाळेत वाढवलेला ॲमेथिस्ट १९७० च्या दशकापासून बाजारात आहे. रंग फर्स्ट क्लास, म्हणूनच ओळखायला महाकठीण. खाणीतल्या स्फटिकात बहुधा जुळे थर असतात, लॅबवाल्यात ते सहसा नसतात. हे साध्या भिंगाचं काम नाही. महागडा खडा घेताय? रत्नपरीक्षण लॅबचं सर्टिफिकेट मागाच.

खड्यांचं सोडा, या खड्याच्या कथेचाही पत्ता चुकलाय! मद्यदेवता बॅकस, दगड झालेली तरुणी, तिच्यावर सांडलेली वाइन आणि जांभळा झालेला स्फटिक. सगळे म्हणतात प्राचीन ग्रीक कथा. लिहिली कोणी? रेमी बेलो या फ्रेंच कवीने, १५७६ मध्ये!

आणि पत्ता चुकण्यातला चॅम्पियन लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये बसला आहे. ‘दिल्ली पर्पल सफायर’. नावात दिल्ली, लूट म्हणे १८५७ ची कानपूरच्या इंद्रमंदिरातली, आणि नीलम तर नाहीच. हा ॲमेथिस्ट! मालक एडवर्ड हेरॉन-ॲलन यांनी तो शापित असल्याचं पत्र लिहून सात पेट्यांत बंद केला. कालव्यात फेकला तरी परत आला, असंही सांगितलं. आणि याच गृहस्थांनी १९२१ मध्ये टोपणनावाने एक गोष्ट छापली होती, माहीत आहे का? तिचं नाव ‘द पर्पल सफायर’!