इलेक्ट्रिक कार घ्यायचीय? आधी भाड्याने चालवून बघा

जुना जालन्यातून रोज संभाजीनगर गाठणारे व्यापारी विचारतात, "सर, इलेक्ट्रिक कार घेऊ का?" कर्जावर सही करण्याआधी एक दिवस भाड्याने घ्या. जाऊन-येऊन साधारण १२० किलोमीटर. एसी लावून, खोकी भरून.

क्लच नाही, डाव्या पायाला सुट्टी. ॲक्सिलरेटर सोडला की मोटर वीज बनवते आणि गाडी आपोआप मंदावते. बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर मात्र हे कमी होतं, ब्रेकवर लक्ष हवंच! गांधी चमनच्या गर्दीत शिरण्याआधी मोकळ्या रस्त्यावर सवय करा.

समृद्धीवर १२० ने पळवलीत की चार्ज भराभर उतरतो. निघताना आणि परतल्यावर बॅटरीची टक्केवारी लिहून ठेवा. हप्त्याचं गणित त्यावरच मांडायचं, कंपनीच्या आकड्यावर नाही. आणि घरी अर्थिंगवाला १५ अँपिअरचा प्लग आहे ना?