पहिली पारध कुणाची?

शिकारीच्या पुस्तकांत पहिल्या शिकारीचे प्रकरण बहुधा असतेच. बंदूक वडिलांची किंवा मामाची, पहाटेचा गारठा, झुडपाआड उभा असलेला चितळाचा नर, चाप ओढताच खांद्याला बसलेला धक्का आणि पुढे दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगलेली शिंगे. आपल्या मुलखाशी संबंधित अशी दोन इंग्रजी पुस्तके प्रसिद्ध आहेत. कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांचे मध्य भारतातील डोंगराळ प्रदेशावरचे पुस्तक १८७१ साली निघाले. वनखात्यातील अधिकारी डनबार ब्रँडर यांचे मध्य भारतातील वन्य प्राण्यांवरचे पुस्तक १९२३ साली निघाले. प्राण्यांच्या सवयींची त्यांतली माहिती आजही वाचावी अशी आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु या वाङ्मयात शिकार नेहमी एका माणसाची असते. बाकीची माणसे येतात ती संख्येने. अमुक इतके हाकेकरी लावले, एवढाच त्यांचा उल्लेख.

मूल तालुक्याच्या खेड्यांत शिक्षक म्हणून नोकरी करताना, आणि निवृत्त झाल्यावरही, मी म्हाताऱ्या माणसांना एक प्रश्न विचारीत आलो आहे : तुमची पहिली शिकार कोणती? उत्तर देणाऱ्यांत गोंड होते, माना होते, ढिवर होते आणि आमच्या वस्तीतले बौद्धही होते. बरेच जण आता हयात नाहीत. त्यांची नावे आणि गावे मी येथे मुद्दामच देत नाही.

या माणसांच्या आठवणी पुस्तकातल्या आठवणींहून निराळ्या आहेत. कशा निराळ्या, ते समजण्यासाठी हाका म्हणजे काय हे आधी सांगायला हवे, कारण शहरातल्या विद्यार्थ्यांना तो शब्द आता अपरिचित झाला आहे. रानाच्या एका तुकड्याला तीन बाजूंनी माणसांची रांग लावायची. ढोल, रिकामे डबे, कुऱ्हाडीचे दांडे वाजवीत आणि ओरडत ती रांग पुढे सरकते. चौथ्या बाजूला मचाणावर बंदूकवाला बसतो. दोन्ही अंगांच्या झाडांवर काही माणसे गप्प बसवलेली असतात. जनावर बाजूला फुटू लागले की त्यांनी फांदीवर नुसती टकटक करायची, म्हणजे ते वळून मचाणासमोर जाते. मचाणावरचा माणूस सर्वांत सुरक्षित असतो. धोका असतो तो रांगेला. भेदरलेले जनावर पुष्कळदा पुढे न जाता मागे फिरते आणि माणसांची रांग फोडून निघते. चितळ असेल तर अंगावरून उडी मारून जाते. डुक्कर असेल तर मांडी फाडते. त्या झाडीत वाघ बसला आहे की नाही, हे कोणालाच आधी ठाऊक नसते.

या रांगेत उभे कोण राही? मालगुजाराचा निरोप कोतवाल घेऊन येई आणि कोतवाल पुष्कळदा आमच्याच वस्तीतला असे. निरोपाला नाही म्हणण्याची सोय नव्हती. विदर्भातली मालगुजारी १९५१ साली कायद्याने संपली. पण बोलावणे आल्यावर उठून जाण्याची सवय कायद्याच्या तारखेला संपत नाही.

आमच्या वस्तीतल्या एका म्हाताऱ्याने माझ्या प्रश्नाला दिलेले उत्तर मी वहीत तसेच लिहून ठेवले आहे. "माही पैली शिकार? मी बारा वर्साचा होतो जी. मले झाडावर बसवलं होतं. चितळ नाल्याकडं फुटत होता, मी टकटक केली, तो वळला. सायबानं मारला, पण वळवला मी." त्या चितळाची शिंगे साहेबाकडे गेली, कातडे साहेबाकडे गेले, मागचे फरे मालगुजाराच्या वाड्यावर गेले. हाकेकऱ्यांच्या वाट्याला आतडी आणि खूर आले. बंदुकीला त्याने जन्मात हात लावला नव्हता. तरीही सत्तर वर्षांनंतर तो त्या शिकारीला 'माझी' म्हणत होता, आणि माझ्या मते तो बरोबर होता. ते चितळ कोणाच्या कौशल्याने मेले याचा प्रामाणिक हिशेब मांडला, तर चाप ओढणाऱ्याचा वाटा शेवटच्या क्षणाचा ठरतो. वारा कुठून वाहतो, जनावर कुठे बसले आहे, कोणत्या वाटेने फुटेल, हे सगळे ज्ञान रांगेतल्या आणि झाडावरच्या माणसांचे होते.

हाक्यावाचून केलेली पारध हा दुसरा प्रकार. चैतात मोह गळू लागतो. रात्रभर पडलेली फुले खायला चितळे पहाटे झाडाखाली येतात. त्या आधी, अंधार असतानाच, शेजारच्या झाडावर चढून बसायचे. चितळाचे नाक आणि कान तिखट, पण ते सहसा वर पाहत नाही. बिडी ओढायची नाही, खोकायचे नाही. वानर ओरडले की चितळ सावध होते आणि चितळ ओरडले की वानर, म्हणून वानरांचा कळप ज्या झाडावर झोपला असेल त्याच्या जवळपास बसायचे नाही. बाण लागल्यावर लगेच खाली उतरायचे नाही. मागे धावले तर जखमी जनावर कोसभर पळते. न धावले तर जवळच बसते आणि बसले की उठत नाही. मग रक्ताच्या थेंबांवरून माग काढायचा. एका गोंड म्हाताऱ्याने मला हे सारे तपशीलवार सांगितले, पण स्वतःची पहिली शिकार सांगताना बाण कुठे लागला ते तो दोन वाक्यांत बोलला आणि वाटणीबद्दल अर्धा तास बोलला. पळसाच्या पानांवर ढीग कसे घातले, किती घरांचे किती ढीग, ज्याचा बाण त्याला मुंडके कसे मिळाले, ज्या विधवेच्या घरातून कोणीच रानात गेले नव्हते तिलाही ढीग कसा गेला, तोलायला काटा नसताना सगळ्यांना पटेल असे ढीग कोणी लावले. त्याच्या दृष्टीने शिकार 'यशस्वी' झाली ती या ठिकाणी.

मी त्याला विचारले, "त्या ढिगांत आमच्या वस्तीचा ढीग होता का?"

तो थोडा थांबला. म्हणाला, "होता ना. पण तुमी मागून उचलत होता. समद्यांचं झाल्यावर."

या उत्तराचा विचार आपण गांभीर्याने केला पाहिजे. आदिवासी समाज जातीपासून मुक्त होता, असे सरसकट म्हणण्याची प्रथा आपल्या व्याख्यानांत पडली आहे. त्या गावी मालगुजाराच्या वाड्यापेक्षा न्याय निश्चितच अधिक होता. ढीग सारखे होते, आतड्यांवर कोणाची बोळवण नव्हती. पण उचलण्याची पाळी ठरलेली होती. समतेचे माप ढिगाच्या आकाराने घ्यायचे की उचलण्याच्या क्रमाने? मला हे एक वाक्य अनेक सैद्धांतिक चर्चांहून अधिक उपयोगी पडले आहे. आणि त्या म्हाताऱ्याने ते लपवले नाही, हेही नोंदवले पाहिजे.

राजाने केलेल्या शिकारीला आपल्या परंपरेत 'मृगया' असा भारदस्त शब्द आहे. तेच काम पोटासाठी करणाऱ्याला पारधी, निषाद. एकलव्याची कथा आपल्या साहित्यात पुष्कळदा येते, पण तिची सुरुवात शिकारीत आहे हे क्वचित ध्यानात घेतले जाते. पांडव शिकारीला निघाले होते आणि त्यांच्याबरोबरच्या कुत्र्याने रानात एकलव्याला शोधून काढले. अंगठा पुढे गेला, त्याची सुरुवात राजपुत्रांच्या हौसेच्या फेरफटक्यात झाली. ज्या रानात निषाद राहत होता त्या रानात ते पाहुणे होते.

इंग्रजांच्या राज्यात ही विभागणी कायद्याच्या भाषेत आली. राखीव जंगलात नियमांविरुद्ध शिकार करणे, फासे लावणे हा १९२७ च्या भारतीय वन कायद्याने गुन्हा ठरला. परवाना असेल तर मात्र तो गुन्हा नव्हता. जंगलाचे 'शूटिंग ब्लॉक' पाडून ते परवानेवाल्यांना दिले जात. म्हणजे एकाच रानात, एकाच जातीचे चितळ मारणारी दोन माणसे : एकाच्या खिशात कागद, दुसऱ्याच्या हातात फासा. पहिला शिकारी, दुसरा चोर. फास लावून जगणाऱ्या पारध्यांच्या कपाळी तर १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या परंपरेने जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला. तो कायदा १९५२ साली गेला. शिक्का अजून पुसलेला नाही.

स्वातंत्र्यानंतर ताडोबाचे राष्ट्रीय उद्यान १९५५ साली झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर मोठे निर्बंध आणले, तरी त्यातही मोठ्या आणि लहान शिकारीच्या परवान्यांची तरतूद होती. परवाने पूर्णपणे बंद झाले ते १९९१ च्या दुरुस्तीने. पुढे ताडोबा आणि अंधारी मिळून १९९५ पासून व्याघ्रप्रकल्प झाला. आज मूलचे रान त्याच्या बफर क्षेत्रात येते. २००६ च्या वनहक्क कायद्याने पिढ्यान्‌पिढ्यांचे हक्क मान्य केले, पण ज्या कलमात इतर परंपरागत हक्कांचा समावेश आहे त्याच कलमात शिकारीचा आणि फासे लावण्याचा हक्क स्पष्टपणे वगळला आहे. हा हक्क परत मिळावा असे माझे म्हणणे नाही. उरलेले रान आणि उरलेली जनावरे पाहता तसे म्हणणे बेजबाबदारपणाचे होईल. प्रश्न आठवणींचा आहे. परवानेवाल्याची आठवण पुस्तक झाली. बिनपरवान्याच्या माणसाची आठवण कबुलीजबाब ठरते. म्हणून ती कुजबुजत सांगितली जाते आणि सांगणाऱ्याबरोबर मातीत जाते. वर नावे दिली नाहीत ती याच कारणाने.

आमच्या वस्तीत या आठवणींना आणखी एक तारीख आडवी येते. नागपूरनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी चांद्याला धम्मदीक्षा दिली. मूलकडची कितीतरी माणसे तेथे पायी आणि बैलगाडीने गेली होती. त्यांतल्या एकाने परत आल्यावर घरातली वाघूर, म्हणजे हरणे अडकवण्याचे दोरीचे जाळे, उसवले आणि त्या दोरीने बाज विणली. प्राणिमात्रांवर दया करीन, अशी प्रतिज्ञा घेऊन आलेल्या माणसाने आपल्यापुरता काढलेला तो मार्ग. पुढे एका साली धान बुडाले. घरात कण नव्हता, तेव्हा त्याने उसनी वाघूर आणून एक भेकर धरले. तो मला म्हणाला, "बाबासायबानं उपाशी मरा असं नोयतं सांगतलं." त्याला वाचता येत नव्हते. पण १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या बाबासाहेबांच्या बुद्धावरील ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत नेमका हाच भेद केलेला आहे. जेथे केवळ इच्छाच आहे, अशा हिंसेला बुद्धाने मनाई केली, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

येथे आपल्यातले काही कार्यकर्ते घाईने निष्कर्ष काढतील की साहेबाची शिकार इच्छेची आणि आमची गरजेची. इतके सरळ ते नाही. हाच माणूस दीक्षेपूर्वीची आपली पहिली पारध सांगू लागला तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता. वाघूर कशी ताणली, हरिण कसे आले, आपण कसे झेपावलो, हे त्याने उठून करून दाखवले. त्यात निव्वळ पोट नव्हते. आपल्याला काहीतरी साधले याचा आनंद होता, आणि ज्याला गावात दुसरे काहीही साधू दिले जात नव्हते अशा तरुणाचा तो आनंद होता. गरज आणि इच्छा एकाच छातीत नांदतात. सम्राट अशोकाने आपल्या पहिल्या शिलालेखात हे मोकळेपणाने कोरून ठेवले आहे : पूर्वी स्वयंपाकघरासाठी लाखो जीव मारले जात, आता तीनच मारतात, दोन मोर आणि एक हरिण, हरिणही नेहमी नाही, आणि पुढे हेही मारले जाणार नाहीत. धम्माकडे वळलेल्या राजालाही एक हरिण शिल्लक होते, हे वाचून मला त्या बाज विणणाऱ्या म्हाताऱ्याची आठवण होते.

आता शिकारीची रीत बदलली आहे. शेताच्या कडेने तार ओढून तीत विजेचा प्रवाह सोडतात. तिच्यात डुक्कर मरते, चितळ मरते, वाघ मरतो आणि रात्री पाणी द्यायला निघालेला शेतकरीही मरतो. जुन्या माणसांना याचा संताप आहे. "तार पाहत नाही कोण आलं ते," असे एक जण म्हणाला. दुसरीकडे धानाच्या बांधीत चितळांचा कळप शिरतो तेव्हा रात्रभर जागण्याचे काम ज्याचे आहे, त्याच्या रागालाही कारण आहे.

बायकांना मी हा प्रश्न विचारला तो फार उशिरा, आणि विचारला तोही 'तुमच्या घरातली पहिली शिकार' असा. पुरुषांच्या आठवणी रानात सुरू होतात, त्यांच्या दाराशी. दार लावून घेतलेले, धूर दिसू नये म्हणून मध्यरात्री पेटवलेली चूल, वास जावा म्हणून राखेने तीनदा घासलेले गंज, परसात पुरलेली हाडे. एकीच्या नवऱ्याने लग्नानंतर पहिल्यांदा चितळ आणले. हाडे पुरली, पण कुत्र्याने ती उकरली आणि कोणीतरी नाकेदाराला सांगितले. पंचनामा झाला, नवऱ्याला धरून नेले. जामिनासाठी तिने पायांतले कडे विकले. "मास दोन दिवस पुरलं, तारखा अकरा वर्सं," ती म्हणाली. शेवटी साक्षीदारच फिरकले नाहीत आणि तो सुटला. कडे परत झाले नाही. त्या चितळाचा कोणता तुकडा तिच्या वाट्याला आला होता, हे तिला आठवत नव्हते. बहुधा रस्सा, असे ती म्हणाली.